आधी उत्तर, मग उच्चार

इंटेलची १९७६ सालची ८०८५ ही चिप आपल्याकडच्या इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या कितीतरी मुलांनी प्रयोगशाळेत हाताळली आहे. तिला कोणी आठ हजार पंच्याऐंशी म्हणत नाही. ती ‘एटी एटी-फाईव्ह’. तिच्यानंतरची ८०८६ ‘एटी एटी-सिक्स’. १९८५ साली ८०३८६ आली, तेव्हा सुरुवातीचे ऐंशी बोलण्यातून गळूनच गेले आणि उरली ‘थ्री एटी-सिक्स’. मोटोरोलाची ६८००० मात्र ‘सिक्स्टी-एट थाउजंड’. आणि टायमरची छोटीशी ५५५ ‘ट्रिपल फाईव्ह’.

यात एकच एक नियम शोधू गेलं तर सापडत नाही. चिपच्या पाठीवर नुसते आकडे छापलेले असतात. ते कुठे तोडायचे, हे तिथे लिहिलेलं नसतं. ते कानांनीच कळतं. सर म्हणतात, शेजारच्या बाकावरचा म्हणतो, मग आपल्याही तोंडी तेच बसतं. म्हणून एखादा नवा मुलगा ‘एट थाउजंड एटी-फाईव्ह’ म्हणाला, तर समजावं की याने हे एकट्याने वाचलं आहे. सांगायला जवळ कोणी नसतानाही वाचलं आहे. त्या उच्चारात त्याचे कष्ट ऐकू येतात.

अशी नवी माणसं आपल्याला रोज भेटतात. बँकेत, दवाखान्यात, कारखान्यात, दुकानात. प्रत्येक कामाची आपली एक बोली असते आणि ती पहिल्या दिवशी कोणालाच येत नाही. कोणी चुकून वेगळं बोललं आणि चारचौघांत हसू फुटलं, की ते माणूस गप्प होतं. पुढची शंका मनातच ठेवतं. त्यापेक्षा सोपी रीत आहे. त्याने विचारलं, “एट थाउजंड एटी-फाईव्हला किती व्होल्ट लागतात?” तर म्हणावं, “एटी एटी-फाईव्हला पाच व्होल्ट पुरतात.” उत्तर मिळालं, उच्चारही मिळाला, आणि कोणाची मान खाली गेली नाही.

आज कामावर कोणी असं काही विचारलं, तर आधी त्याच्या प्रश्नाकडे लक्ष देऊ या. बरोबर शब्द आपल्या उत्तरातून त्याच्यापर्यंत पोहोचेलच. ज्याला एकदा आपुलकीने उत्तर मिळतं, तो उद्या दुसरा प्रश्न घेऊन येतो. माणूस कामात तयार होतो, तो अशा न घाबरता विचारलेल्या प्रश्नांनीच.