तापातली आकडी आणि अकर्म

सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, उधना या वस्त्यांतून हिंडताना आपण तापीच्या मुखाशी आहोत की धुळ्याच्या एखाद्या पेठेत, असा संभ्रम पडावा इतका खानदेश तेथे येऊन वसला आहे. यंत्रमागाच्या आणि साड्यांच्या धंद्यामागे आलेल्या या कुटुंबांनी अहिराणी आणली, श्रावणातली कानबाई आणली, बाळाच्या पाचव्या दिवशी पुजायची सटवाईही आणली. आणि चूल न पेटवता आदल्या दिवशीचे थंड अन्न देवीला दाखवून लेकरांच्या अंगाचा दाह शमावा म्हणून हात जोडणारी शीतळा सातम त्यांना शेजारच्या गुजराती घरांत आयतीच भेटली. बालकाच्या तापावर इतक्या देवतांची नजर असलेल्या वस्तीत, तापात मुलाला आकडी आली तर ती कोणाची करणी आणि त्या घटकेला माणसाचे कर्तव्य काय, हा प्रश्न पंडितांच्या सभेपेक्षा अधिक निकडीचा असतो.

दीड वर्षाचे मूल तिन्हीसांजेला किरकिरते, अंग जरासे कढत लागते, आणि आई भाकरी थापीत असतानाच त्याचे डोळे वर जातात, दातखीळ बसते, हातपाय ताठ होऊन एका लयीत उडू लागतात, ओठांवर निळसर झाक येते. पाहता पाहता ती एवढीशी खोली माणसांनी भरून जाते. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी पायातली चप्पल हुंगवतो, कोणी दातांच्या फटीत चमचा सारू पाहतो, शेजारीण ‘आंचकी आवी’ म्हणत पाण्याचा तांब्या डोक्यावर रिकामा करते आणि आजी कोपऱ्यात कानबाईला रोटाचा नवस बोलते. दोन-तीन मिनिटांनी मूल सैल पडते, रडते, गाढ झोपी जाते. आणि त्या क्षणी ज्याचा इलाज चालू होता त्याच्या पदरात यशाचे माप पडते. ज्याला आपण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ म्हणतो, तो काकतालीय न्याय याहून स्पष्ट क्वचितच दिसेल. कारण तापातल्या बहुतेक आकड्या, कोणी काही करो वा न करो, काही मिनिटांत आपोआप थांबतात.

मात्र या भाबडेपणाला हसण्याचा अधिकार आपल्याला सहजी मिळत नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह सांगितले आहेत आणि त्यांतल्या स्कंदापस्माराने ग्रासलेले मूल संज्ञा हरपून पुन्हा शुद्धीवर येते, हातपाय नाचवल्यासारखे झाडते, तोंडाला फेस आणते, हे वर्णन डोळ्यांनी पाहिल्यावाचून लिहिता येणारे नाही. खटकते ते पुढचे: जेथे देव, पितर आणि अतिथी यांचा मान राहत नाही त्या घरात हे ग्रह शिरतात, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे लेकराचा रोग हेच आईबापांवरचे आरोपपत्र झाले. आजचा सुशिक्षित माणूस ग्रह मानीत नाही, तरी ‘ताप एवढा चढू कसा दिलास?’ असे सुनेला विचारून तीच फिर्याद निराळ्या दफ्तरात दाखल करतो.

वैद्यकाचा निवाडा या दोन्ही फिर्यादी काढून टाकणारा आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना अशी आकडी येते. अपरिपक्व मेंदू तापाने चेतवला जातो, आणि ही प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यातच असते. कित्येकदा ताप आहे हे घरच्यांना आकडीमुळेच प्रथम कळते. पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो, म्हणून ते द्यावेच. परंतु ते वेळेवर दिल्याने पुढच्या तापातली आकडी टळते असे सिद्ध झालेले नाही. सुमारे तिघांपैकी एका मुलाला ती पुन्हा येते. पुढे अपस्मार जडणारी मुले मात्र फारच थोडी. तेव्हा देवी कोपलेली नसते आणि आईही चुकलेली नसते.

मग त्या मिनिटांत करावे काय? १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांत बाह्य कर्माला चित्ताची जोड मिळाली म्हणजे त्याचे अकर्म होते, असा विचार त्यांनी मांडला आहे. माझ्या मते तापातली आकडी ही त्या विचाराची घरगुती कसोटी आहे. भीतीने भरलेले चित्त हाताला स्वस्थ बसू देत नाही, आणि त्या हाताच्या उठाठेवीने दात तुटतात, पाणी श्वासनलिकेत जाते. उलट, मुलाला जमिनीवर एका कुशीवर निजवणे, गळ्याशी आवळलेले सैल करणे, तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध यांतले काहीही न घालणे, त्याचे अंग दाबून न धरणे आणि घड्याळावर नजर ठेवणे, एवढेसे करून स्थिर राहायला जे बळ लागते, ते धावपळीला लागणाऱ्या बळाहून मोठे आहे. आजीचा नवस या व्यवस्थेत कोठेच आड येत नाही; तो तिचे चित्त सावरतो आणि मुलाच्या तोंडात काही घालीत नाही.

अकर्माला येथे मुदत आहे, हे मात्र विसरता कामा नये. पाच मिनिटे उलटली तर १०८ ला फोन करावा आणि स्मीमेर किंवा नवी सिव्हिल, जे रुग्णालय जवळ असेल ते गाठावे. आकडी थोडक्यात थांबली तरी पहिल्या खेपेला मूल डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. आणि मान ताठ असेल, शरीराची एकच बाजू उडाली असेल, त्याच दिवशी आकडी पुन्हा आली असेल किंवा मूल नीट शुद्धीवर येत नसेल, तर मेंदूज्वराची शंका धरून क्षणाचाही विलंब लावू नये. ज्यांच्या मुलाला ती एकदा येऊन गेली आहे त्यांनी, लांबलेली आकडी थांबवण्यासाठी नाकात फवारायचे मिडाझोलॅम घरी ठेवावे काय, हे पुढच्या तापाची वाट न पाहता आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.