तितिक्षा आणि दुखावलेला मेंदू

मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या माणसाला आधीपासूनच संधिवात असेल, तर तो दोन्हीकडून कोंडीत सापडतो. एक बाजू लुळी पडलेली, म्हणून उठता-बसता सगळा भार दुसऱ्या बाजूच्या गुडघ्यावर येतो, आणि तो गुडघा आधीच झिजलेला असतो. हालचाल केली तर सांधे दुखतात. न केली तर ते आखडतात आणि गेलेली हालचालही हाती लागत नाही, कारण मेंदू ती पुन्हा पुन्हा करूनच शिकतो. एरवी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊन वेळ निभावली असती. पण या गोळ्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात, रक्तदाबही वाढवू शकतात, म्हणून रक्तस्रावानंतर डॉक्टर त्या सहसा टाळायला सांगतात. मग उरतं पॅरासिटामॉल, शेक, काठीचा आधार, आणि बाकीचं सोसणं. या उरलेल्या सोसण्याला आपल्याकडे घरोघरी धर्माचं नाव मिळतं: भोग आहेत, निमूट भोगावेत. रुग्णाकडून ही अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्या परंपरेने कुणाला दिला आहे का? माझ्या मते नाही, आणि त्याची कारणं परंपरेतच सापडतात.

यावर पहिला आक्षेप भक्कम आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेची जी व्याख्या आहे, ती प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सगळी दुःखं सोसण्याची आहे. इलाजाला त्यात जागाच दिसत नाही. पण ही व्याख्या ज्याच्यासाठी आहे तो ब्रह्मजिज्ञासू साधक आहे. शम, दम यांच्याबरोबर तितिक्षा ही त्याने आपणहून पत्करलेली तयारी आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसावर दुसऱ्याने ती लादावी, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण सोसायला सांगितलं आहे, तेही अर्जुनाने उठून कर्म करावं म्हणून. सतराव्या अध्यायात तर मूढ हट्टाने स्वतःला पीडा देणाऱ्या तपाला सरळ तामस ठरवलं आहे. दुखतंय हे न सांगता दात-ओठ खाऊन व्यायाम करणारा आणि त्याला शाबासकी देणारे, दोघांनीही तो अध्याय एकदा वाचायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप प्रारब्धाचा. भोगून संपवलं नाही तर पुढच्या जन्मी पुन्हा भोगावं लागेल, असं म्हटलं जातं. चरकसंहितेच्या विमानस्थानात मात्र आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून मानलं आहे, आणि दैव दुबळं असेल तर बलवान प्रयत्न त्याला मागे सारतो असं सांगितलं आहे. बुद्धाला तर मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने थेट विचारलं होतं, की सगळी वेदना पूर्वकर्मामुळेच असते का. बुद्धाने पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी कारणं मोजली आणि कर्माला त्यांतलं केवळ एक ठरवलं. म्हणजे गुडघ्याच्या दुखण्यात नैतिक हिशेब शोधायलाच हवा, असा आग्रह प्राचीन काळीही सर्वमान्य नव्हता.

पण याहून खोल अडचण वेगळीच आहे. तितिक्षेची कल्पना एक गोष्ट गृहीत धरते: शरीर दुखत असताना त्याच्याकडे अलिप्तपणे पाहणारं मन शाबूत आहे. रक्तस्राव नेमका त्या मनाच्या साधनावरच घाव घालतो. अशा आजारानंतर काही रुग्णांना मनात दुःख नसतानाही रडू फुटतं, किंवा अवेळी हसू येतं, आणि ते आवरता येत नाही. थकवा असा येतो की विश्रांतीनेही जात नाही; नैराश्यही अनेकांना गाठतं. व्याख्या ज्याला विलाप म्हणते, तो इथे दुःखाविनाच चाललेला असतो. मग याची तितिक्षा ढळली म्हणायची का? उलट, वाचा गेलेला रुग्ण गप्प पडून राहतो, त्याला सोशीक म्हणायचं का? त्याच्याकडे तक्रारीचे शब्दच उरलेले नसतात. बाहेरून दिसणाऱ्या रडण्या-न रडण्यावरून तितिक्षा मोजता येत नसेल, तर ती दुसऱ्याने मागण्याजोगी गोष्टच राहत नाही.

कुणी म्हणेल, असं मानलं तर रुग्णाच्या हाती काहीच उरत नाही, तो नुसता देह होतो. हा आक्षेप मला सहज झटकता येत नाही. स्वतःच्या दुखण्याशी कसं वागायचं याचं थोडं तरी स्वातंत्र्य ज्याच्याकडे असतं, त्याला ते वापरू द्यायलाच हवं, आणि पुष्कळ जण ते वापरतातही. बौद्ध ग्रंथांत दोन बाणांचा दृष्टांत आहे: पहिला शरीराला लागतो, दुसरा शोकाचा. दुसरा बाण टाळायला शिकवणं हा उपदेश आहे. तो टाळता आला नाही म्हणून दोष देणं हा उपदेश नव्हे. शिवाय या आजारात गप्प राहणं धोक्याचंही आहे. अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी ताबडतोब सांगायलाच हवी, आणि ‘कुरकुर नको’ असं आठवडाभर ऐकलेला माणूस ती सांगायला कचरतो.

तेव्हा सोसण्याची जबाबदारी निदान काही अंशी शुश्रूषा करणाऱ्यांकडे येते. तेच तेच गाऱ्हाणं पुन्हा ऐकून घेणं, कारण नसलेलं रडणं मनाला लावून न घेणं, लुळ्या हाताला धरून ओढून न उठवता खांदा सांभाळणं, आणि बोलता न येणाऱ्याचा सांधा हलवताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहणं. चिंता आणि विलाप टाळण्याइतकं मन इथे त्यांचंच शाबूत आहे.