उशिरा आलेला सन्मान

मृताचें ऋण फिटतें काय, हा प्रश्न पितृपक्षाच्या निमित्तानें आपल्या घरांतून दरवर्षीं उभा राहतो. परंतु तेथें ऋण मुळांतच मान्य असतें. ज्याला हयातींत आपण उंबऱ्यावरूनच परत धाडलें, त्याच्या नांवें पुढें मानाचें पान मांडलें, तर तें पोंचतें कोणाला?

युजीन बुलार्ड याचें चरित्र वाचल्यापासून हा प्रश्न मला स्वस्थ बसूं देत नाहीं. १८९५ सालीं अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतांत जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा जहाजांत लपून स्कॉटलंडास उतरला आणि पुढें मुष्टियुद्धावर पोट भरीत पॅरिसला पोंचला. १९१४ त तो फ्रान्सच्या परदेशी पलटणींत शिरला. १९१६ त वर्दून येथें जबर जखमी झाला. बरा होतांच स्वस्थ न बसतां त्यानें १९१७ च्या मे महिन्यांत वैमानिकाचा परवाना मिळविला आणि रणभूमीवर वीसेक उड्डाणें केलीं.

त्याच वर्षीं अमेरिका युद्धांत उतरली. फ्रेंच विमानदळांतील आपल्या नागरिकांना तिनें आपल्याकडे घेतलें. बुलार्डची वैद्यकीय परीक्षा झाली, तींत तो उतरलाही; पण बोलावणें आलें नाहीं. आड आला तो कातडीचा रंग. पुढें एका फ्रेंच अधिकाऱ्याशीं भांडण होऊन १९१८ च्या आरंभीं त्याची पायदळांत परत रवानगी झाली.

येथें फ्रान्सला धर्मराज समजण्याचा मोह आवरला पाहिजे. ज्या सरकारनें बुलार्डला पंख दिले, तेंच पश्चिम आफ्रिकेंतून हजारों प्रजाजन लढावयास आणीत होतें, आणि त्यांतील बहुतेकांना नागरिकाचे हक्क नव्हते. तथापि फ्रान्स त्याला विसरलें नाहीं, एवढें खरें. १९५४ सालीं पॅरिसमधील अज्ञात सैनिकाच्या समाधीवरील ज्योत चेतविण्यास त्याला पाचारण झालें. १९५९ सालीं ‘लेजियन ऑफ ऑनर’ हा बहुमान मिळाला. त्या वेळीं हा वीर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरांत लिफ्ट चालवीत होता! १९६१ त तो वारला, आणि १९९४ त अमेरिकेच्या हवाईदलानें त्याला सेकंड लेफ्टनंट नेमिलें.

हा सन्मान व्यर्थ आहे, असें म्हणण्यास माझी जीभ धजत नाहीं. दप्तरांतील चूक दुरुस्त झाली, तर तें दप्तर पुढें वाचणाऱ्या मुलांचा लाभच आहे. पण यास ऋणफेड म्हणूं नये. फेड घेणाऱ्याच्या हातीं पडावी लागते. आणि घेण्यास, किंवा ‘नको’ म्हणून तोंड फिरविण्यासही, बुलार्ड उरला नव्हता. शिवाय माझी एक शंका आहे. नेमणुकीच्या कौतुकाबरोबर नकाराची हकीकतही तितक्याच मोठ्यानें सांगितली जाते काय? पदवी तेवढी झळकत राहिली, तर पुढच्या पिढीस वाटावयाचें कीं, तो पहिल्यापासून आपलाच अधिकारी होता.