चौथा वाटा

हे दयाळू परमेश्वरा, या अन्नाबद्दल तुझे आभार मानण्याआधी ज्यांच्या हातांतून ते आमच्या घरी आलं त्यांची नावं मी मनातल्या मनात तुझ्यापुढे घेते. ती मला घेता येतात, ही तुझी पहिली कृपा. दुकानातल्या बीफच्या पाकिटावर वजन असतं, भाव असतो, तारीख असते. जनावर कुणी वाढवलं ते नसतं. आमच्या वाट्याचं जनावर ओमाहाच्या पश्चिमेला, गाडीने तासाभरावर, एका कुटुंबाच्या कुरणात जन्मलं आणि तिथेच वाढलं. त्या घरातल्या आजोबांना, त्यांच्या सुनेला आणि शाळेतून आल्या आल्या गोठ्याकडे पळणाऱ्या नातवाला मी ओळखते. त्यांना तू सुखी ठेव.

प्रभू, त्या सुनेच्या हातांसाठी मी विशेष मागते. अमेरिकेतल्या आमच्या या नेब्रास्का राज्यात गाई बहुतेक करून फेब्रुवारी-मार्चमध्ये वितात, म्हणजे नेमक्या कडाक्याच्या थंडीत. पहिलारू कालवड अडली की रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन हीच बाई गोठ्यात जाते. वासराच्या पुढच्या पायांना साखळी लावते, कळ आली की ओढते, कळ ओसरली की थांबते. मध्ये बळजबरी करत नाही. वासरू बाहेर पडलं की नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढते, पेंढ्याने अंग खसाखसा चोळते आणि ते उभं राहून चीक प्यायल्याशिवाय घरात परतत नाही. वार पडली का, हे बघायला पहाटे पुन्हा जाते. एवढं करून एखादं वासरू दगावतंच. 2019 च्या मार्चमध्ये वादळ, बर्फ आणि पूर एकदम आले, नायोब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं, आणि ऐन विण्याच्या हंगामात या राज्यातल्या कितीतरी घरांची जनावरं वाहून गेली, गारठून मेली. तुझ्या मनात काय होतं ते मला कळत नाही आणि मी कळल्याचा आवही आणणार नाही. मी एवढंच मागते, की त्या रात्री बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसांजवळ तू उभा राहा.

आणि त्यांना त्यांच्या घामाचा दाम मिळू दे. हे मी भीड न ठेवता मागते, कारण मजुराची मजुरी अडकवून ठेवणं तुला कधीच खपलेलं नाही, आणि मळणीच्या बैलालाही चार घास मिळावेत असा नियम तू करून ठेवला आहेस. हे ओमाहा शहर गुरांच्या बाजारावर उभं राहिलं. 1955 साली त्याने शिकागोलाही मागे टाकलं, जगातला सगळ्यात मोठा गुरांचा बाजार इथे भरू लागला. 1999 मध्ये तो कायमचा बंद झाला. आज अमेरिकेत खाऊ घालून पुष्ट केलेल्या शंभर जनावरांपैकी सुमारे 85 जनावरं चार कंपन्यांच्या कत्तलखान्यांत जातात. घेणारे चारच असले की विकणाऱ्याचा आवाज किती चालणार? 2020 च्या वसंतात कोविडच्या साथीमुळे मोठे कारखाने बंद पडले तेव्हा ते उघड झालं. शेतकऱ्याच्या दारात गुरं तुंबली, भाव पडला, आणि त्याच आठवड्यांत दुकानातलं मांस महागलं. मधला पैसा त्या सुनेच्या घरी गेला नाही, आमच्याही घरी आला नाही.

त्या कारखान्यांत खांद्याला खांदा लावून सुऱ्या चालवणारे कामगार तेव्हा आजारी पडले, काही दगावले. त्यांतले कितीतरी माझ्यासारखेच दुसऱ्या मुलखातून पोटासाठी आलेले. मी थेट शेतावरून घेते म्हणून त्यांचा मला विसर पडू देऊ नकोस. त्यांच्या मनगटांना आराम दे, त्यांच्या कामाच्या पट्ट्याचा वेग कमी कर, त्यांना घरी सुखरूप पोचव.

परमेश्वरा, आता त्या जनावराबद्दल. त्याला तू श्वास दिलास आणि तो आमच्यासाठी घेतला गेला. हे बोलताना माझी नजर खाली जाऊ नये, एवढं धैर्य मला दे. तो काळा, अँगस जातीचा, खच्ची केलेला खोंड होता. कानात पिवळा बिल्ला, कपाळावरचे केस कुरळे, आणि कुंपणाशी माणूस दिसला की मान पुढे करून हुंगायची सवय. उन्हाळाभर गवतावर चरला, शेवटचे काही महिने मक्याचा खुराक खाल्ला. त्याला लांबच्या प्रवासासाठी गाडीत कोंबलं नाही. जवळच्या गावात एक छोटा खाटीकखाना आहे, इथले लोक त्याला ‘लॉकर’ म्हणतात, तिथे त्याला नेलं. जनावराची शुद्ध आधी एका ठोक्यात हरपली पाहिजे आणि मगच सुरी, हा कायदा या देशात 1958 साली आला. तो कायदा पाळणारा हात थरथरू देऊ नकोस आणि निर्ढावूही देऊ नकोस. त्या हातावर त्या जनावराची शेवटची घटका अवलंबून असते.

तो जिवंत असतानाच आम्ही चार घरांनी त्याचे चार वाटे ठरवले होते. इथला कायदा तसं सांगतो: सरकारी तपासनीस नसलेल्या लॉकरमध्ये कापायचं तर जनावर आधी तुमच्या मालकीचं हवं, आणि ते मांस घरच्यांनी आणि पाहुण्यांनीच खायचं. म्हणून प्रत्येक पुडक्यावर ‘नॉट फॉर सेल’ असा शिक्का असतो. सुमारे 590 किलोंचं जनावर सोलून हुकावर टांगलं की 365 च्या आसपास भरतं. थंड खोलीत दहा-चौदा दिवस मुरवून, हाडं-चरबी काढून त्याचे तुकडे केले, की पुडक्यांत 230 किलो उरतं. घरटी 55-60 किलो. आमच्याकडे नगर जिल्ह्यात बोकड कापला की परातीत असेच वाटे घालतात. मांसाबरोबर कलेजी, चरबी, हाडं सगळ्यांना सारखी. इथले शेजारी स्टेक मोजून घेतात आणि नळ्या, जीभ, शेपूट मागे ठेवतात. ते सगळं मी मागून घेतलं. नळ्यांचं सूप होईल, खिम्याला आईने पाठवलेला काळा मसाला लागेल. तू दिलेल्या जिवातलं शक्य तेवढं आमच्या पोटात जाऊ दे, कचऱ्यात जाऊ नये.

देवा, माझ्या ओळखीत, अगदी माझ्या जिवाभावाच्या माणसांत, असे पुष्कळ आहेत ज्यांच्यासाठी गाय ही आई आहे. पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या, त्यांना पुरणपोळी भरवणाऱ्या घरांच्या शेजारी मी वाढले. आमचं ख्रिस्ती घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. ते इथे आले की त्यांच्यासाठी वेगळी भांडी निघतात, वरण-भात आणि भाजी होते, आणि मला त्यात कसलाही कमीपणा वाटत नाही. त्यांच्या श्रद्धेला माझ्या जिभेने इजा होऊ देऊ नकोस. आणि माझ्या ताटामुळे मला कुणी हलकं लेखलं, तर माझ्या मनात कडवटपणा साठू देऊ नकोस.

महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे. तिथला शेतकरी म्हाताऱ्या बैलाचं काय करावं या विवंचनेत आहे, पिढीजात खाटकाचा धंदा बसला आहे, आणि संशयावरून रस्त्यात गाड्या अडवून माणसांना मारणारे हातही आहेत. त्या हातांना तू आवर. जनावराच्या नावाने माणसाचं रक्त सांडलेलं तुला चालत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

ज्या कुरणावर हा खोंड चरला ते पूर्वी पॉनी या मूळनिवासी लोकांचं होतं. तिथे रानगवे चरत. 1870 च्या दशकात पॉनींना हा मुलूख सोडून आजच्या ओक्लाहोमाकडे जावं लागलं. आजच्या मालकांच्या वाडवडिलांनी ती जमीन नंतर कसली. त्या गेलेल्यांच्या वंशजांचीही तू आठवण ठेव आणि आम्हालाही ती ठेवायला लाव.

शेवटी हेही मागते. चौथा वाटा घ्यायला एकरकमी पैसे लागतात आणि घरात मोठा फ्रीझर लागतो. आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या, भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या बाईला यातलं काही जमत नाही. तिला स्वस्त म्हणून जे मिळतं तेच घ्यावं लागतं, आणि त्याबद्दल तिला शहाणपण शिकवण्याचा मला हक्क नाही. आमच्या चार घरांना अशी बुद्धी दे, की पुढच्या वर्षी पाचवा वाटा पडेल आणि तो तिच्याकडे जाईल, उपकार म्हणून न जाता शेजार म्हणून. लॉकरवाल्याला हाताशी शिकाऊ पोरं मिळू दे. त्याचं वय झालं आहे आणि त्याच्या तारखा महिनोन् महिने आधी भरतात. तो बंद पडला तर त्या शेतकऱ्याला पुन्हा त्या चार कंपन्यांच्याच दारात उभं राहावं लागेल. त्या नातवाला मोठेपणी शेतावर राहावंसं वाटू दे, आणि राहिला तर त्याचं पोट त्यावर भरू दे.

आणि मी जेव्हा पैसे द्यायला जाईन तेव्हा घासाघीस करण्याचा मोह माझ्यापासून दूर ठेव. ते मागतील तो भाव मी पूर्ण देईन. त्यांना तो वेळेवर मिळू दे, प्रभू. आमेन.