कॅटलॉगातली अंगठी

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये लिडियातल्या एका मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो कुणालाच दिसेनासा होतो. मग तो राणीला फितवतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. ग्लॉकॉन सॉक्रेटिसाला विचारतो: अशी अंगठी सज्जनाच्या बोटात घातली, तर तो सज्जन राहील का?

अमेरिकेत ही परीक्षा कैक वर्षं टपालाने घरोघरी येत होती.

तिथे विक्रीकर राज्यं लावतात आणि दुकानदार तो गोळा करतो. परराज्यातून मागवलेल्या मालावर मात्र ग्राहकाने तेवढाच कर स्वतःहून आपल्या राज्याला भरायचा. हा ‘वापरकर’ १९३०च्या दशकात आला आणि १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पुढे १९६७ मध्ये मिझुरीतल्या बेलास हेस या कॅटलॉगवर माल विकणाऱ्या कंपनीचा खटला आला. इलिनॉयमध्ये तिचं ना दुकान होतं, ना विक्रेते. म्हणून इलिनॉय तिला करवसुलीला जुंपू शकत नाही, असं न्यायालय म्हणालं. १९९२ च्या क्विल निकालाने तेच कायम केलं. टपालाने घेतलं की कर लागत नाही, असा समज त्यातून पसरला. तो चुकीचा होता. वसूल करणारा गेला होता, ग्राहकाचं देणं तसंच होतं. ते फेडणारे अगदी मोजके निघाले.

म्हणजे बाकीचे सगळे लबाड? बहुतेकांनी वापरकर हा शब्दही ऐकला नव्हता, आणि ठाऊकच नसलेल्या देण्याचा दोष कुणाच्या माथी मारणं न्यायाचं नाही. खरा प्रश्न जाणत्यांचा आहे. अनेक राज्यांच्या प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वापरकराची एक ओळ असते. वर्षभर बाहेरून सामान मागवलेला माणूस तिथे शून्य लिहितो आणि खाली, माहिती खरी असल्याचं सांगत सही करतो. रक्कम कदाचित चाळीस डॉलरची असेल. पण त्या क्षणी गोष्ट कराची राहत नाही; माणसाने आपल्या शब्दाशी केलेली ती प्रतारणा असते. दुकानात जास्त आलेली मोड परत करणारा हाच माणूस असतो, कारण तिथे समोर कुणीतरी उभं असतं.

यावर एक जुनी पळवाट आहे. काही कायदे सदसद्विवेकाला बांधत नाहीत, पकडलं गेल्यास दंड भरला की पुरे, असं मत काही कॅथलिक नीतिज्ञांनी मांडलं होतं आणि काही करही त्यात बसवले होते. क्विल निकालाच्याच वर्षी, १९९२ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी मंजूर केलेल्या धर्मशिक्षण-ग्रंथाने मात्र कर भरणं हे नैतिक कर्तव्य ठरवलं आणि करचुकवेगिरी ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेखाली आणली. ते योग्यच झालं. चुकवलेला पैसा शाळेचा आणि रस्त्याचा असतो, आणि त्याची झळ कोपऱ्यावरच्या प्रामाणिक दुकानदाराला बसते. त्याचा माल कराएवढा महाग दिसतो.

कर अन्यायाचा वाटत असेल तर? विक्रीकर गरिबाच्या कमाईचा मोठा वाटा खातो, ही तक्रार खरी आहे. पण अमेरिकी लेखक थोरोने गुलामगिरीला पाठबळ देणाऱ्या सरकारला कर नाकारला तो उघडपणे, आणि १८४६ मध्ये कॉन्कर्डच्या तुरुंगात एक रात्र काढली. त्याचा नकार सगळ्या गावाला दिसला. गुपचूप लिहिलेल्या शून्याला ती प्रतिष्ठा मिळत नाही.

२१ जून २०१८ रोजी साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या ऑनलाइन विक्रेत्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी बेलास हेस आणि क्विल हे जुने निकाल रद्द केले. राज्याचा प्राप्तिकर नसलेलं साउथ डकोटा विक्रीकरावरच मोठी भिस्त ठेवून होतं. जुन्या निकालांमुळे राज्यांचं वर्षाला ८ ते ३३ अब्ज डॉलरचं नुकसान होत असल्याचा अंदाज न्यायमूर्ती केनेडींच्या निकालपत्रात नोंदला आहे. आता बहुतेक मोठे ऑनलाइन विक्रेते कर बिलातच लावतात. तिजोरी भरली, पण माणसं त्यामुळे अधिक सचोटीची झाली असं म्हणता येत नाही. ग्लॉकॉनचा प्रश्न सुटला नाही, त्यांच्यापुढून फक्त उचलला गेला.

तोही पूर्ण नाही. ठरावीक उलाढालीखालच्या परराज्यातल्या छोट्या विक्रेत्यांना आजही सूट आहे, त्यांच्या ग्राहकांना नाही. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाच्या विवरणपत्रांत वापरकराची ओळ अजून छापली जाते, आणि ती रिकामी सोडू नये अशी सूचनाही तिथेच असते.