कापणीनंतरची कीड

थंड मुलुखात कुरणातली अळी बर्फाखाली हिवाळा काढते. पालघर, बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात बर्फ कुठला? इथल्या किडीला तग धरायचा असतो तो दिवाळीपासून मिरगापर्यंतच्या कोरड्या महिन्यांत. भात कापला की खोडकिड्याची अळी धसकटात, जमिनीलगतच्या भागात उतरून निपचित पडते. पाऊस लागला की कोषात जाऊन पतंग होते. लष्करी अळीला बांधावरचे, वरकसातले गवतही चालते. दिवसा ती चुडाच्या बुंध्याशी नाहीतर मातीच्या भेगेत दडते, रात्री वर चढून पिकत्या लोंब्या कुरतडते. सकाळी खाली पडलेल्या लोंब्या दिसतात, अळी दिसत नाही. चौरस मीटरला 4 ते 5 अळ्या म्हणजे धोक्याची पातळी. फवारणीची धावपळ होते ती तेव्हा. खोडकिड्याला मात्र गाठायचे ते शेत मोकळे असताना, आणि नेमके तेव्हा तिकडे कोणी फिरकत नाही.

पतंगाला पंख आहेत, मग एकट्याने धसकटे उपटून काय होणार, असे कोणी म्हणेल. लष्करी अळीपुरते ते खरे आहे. उत्तर चीनच्या थंडीत ती जगत नाही, तरी दरवर्षी दक्षिणेकडून पतंग उडत येऊन तिथले पीक गाठतातच. खोडकिडा मात्र बव्हंशी आसपासच्या धसकटांतूनच पुन्हा निघतो. म्हणून भात जमिनीसरसा कापून ओल आहे तोवर नांगरावे, हा कृषितज्ज्ञांचा जुना सल्ला गावाने मिळून पाळला तरच फळतो. अडचणही तिथेच: त्याच ओलीवर न नांगरता वाल घ्यायचा असतो, आणि तरणी माणसे बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर असतात. अशा शेतात निदान कापणी तरी खालून व्हावी.

मग लष्करी अळी पोसणाऱ्या गवताला काडी लावून मोकळे का होऊ नये? गवतातली आग झरझर पुढे सरकते. भेगेतली अळी तिच्यातून वाचू शकते, अळ्या खाणारे कोळी आणि भुंगेरे मात्र होरपळतात, गुरांचा उरलासुरला चाराही जातो. एवढा महाग उपाय दुसरा नसेल. कुरण राहू द्या. भाताला लागून असलेल्या बांधाचे गवत मात्र लोंब्या पिकण्याआधीच कापून गोठ्यात टाका.