नववा प्रश्न

२०२०च्या उन्हाळ्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या नैराश्यापेक्षा नैराश्याचे गुगल फॉर्म जास्त वेगाने पसरले. मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली, होस्टेलं रिकामी झाली. मुलं घरी, हातात मोबाइल, आणि प्राध्यापकांना शोधनिबंध हवे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. आमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एखादी लिंक येऊन पडायची.

बहुतेक फॉर्ममध्ये पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली असे. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागलं का, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलचा. एका संध्याकाळी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा फोन आला. अभ्यासाचं काहीबाही विचारून झाल्यावर म्हणाला, "सर, नवव्या प्रश्नाला खरं उत्तर लिहिलं तर काय होतं?"

मी त्याला धीर द्यायला म्हणालो, "काही होत नाही रे. नाव नसतं त्यावर."

"म्हणजे काहीच होत नाही," तो म्हणाला.

पुढे आम्ही बराच वेळ बोललो, नंतरही बोलत राहिलो. आता तो डॉक्टर आहे, ठीक आहे. पण त्याच्या त्या वाक्याने मला जे कळलं, ते वीस वर्षांच्या शिकवण्यात कळलं नव्हतं. आपण मोजायला शिकलो आहोत. मोजल्यावर कुणाकडे जायचं, ते मात्र ठरवलेलं नाही.

साथीने ही मुलं खचली, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. २०१६ साली, म्हणजे करोनाचं नाव कुणी ऐकण्याआधी, 'जामा' या अमेरिकी नियतकालिकात जगभरातल्या पाहण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला होता. वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी २७.२ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं, आणि ११.१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार. त्यातला मला सर्वांत बोचणारा आकडा तिसराच आहे. ज्यांच्यात नैराश्य आढळलं, त्यांच्यापैकी उपचार घेतलेले फक्त १५.७ टक्के. दवाखान्यातच वावरणाऱ्या मुलांची ही गोष्ट.

साथीने नेमकं काय केलं, ते बॅचगणिक वेगळं आहे. घरी बसलेल्यांचं दुःख बाहेरून दिसत नव्हतं. नातेवाईक विचारायचे, "डॉक्टर ना तू? मग घरी कसा?" आणि मुलाला अजून सलाइनची सुई धड लावता येत नसायची. २०२० सालची 'नीट' १३ सप्टेंबरला झाली, पहिलं वर्ष सुरू व्हायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला, आणि दोन-अडीच महिन्यांत राज्यात पुन्हा निर्बंध आले. या बॅचने हाताच्या नसा मोबाइलच्या पडद्यावर पाठ केल्या. संसर्गाच्या भीतीने अनेक ठिकाणी देहदान स्वीकारणंही थांबलं होतं. डिसेक्शन हॉलमध्ये नुसती शरीररचना शिकत नाहीत. एका टेबलाभोवती दहा-बारा जण उभे राहतात, पहिल्या दिवशी कुणाला तरी घेरी येते, बाकीचे हसतात, मग त्यालाच धरून कँटीनमध्ये नेतात. मृत्यूशी पहिली ओळख अशी घोळक्यात होते. पुढची तीस-चाळीस वर्षं पुरेल असं काहीतरी त्या चहात असतं. त्याला अभ्यासक्रमात नाव नाही, म्हणून ते गेल्याची नोंदही कुठे नाही.

इंटर्न आणि निवासी डॉक्टरांचं उलट झालं. त्यांच्या वाट्याला मृत्यू आला, घोळका आला नाही. पीपीई किटमध्ये सहा-आठ तास पाणी नाही, लघवी नाही. चष्म्यावर वाफ धरलेली, आणि समोरच्या माणसाचं सॅच्युरेशन उतरत चाललेलं. नातेवाईक आत येऊ शकत नव्हते, त्यामुळे शेवटचा व्हिडिओ कॉल लावून देण्याचं काम तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरांकडे आलं. ड्युटी संपली की क्वारंटीनची खोली. मेस बंद, कट्टा बंद, घरी जायचं तर आईबाबांना लागण होईल ही भीती. एरवी नाइट संपवून आलेला इंटर्न पोह्यांच्या टपरीवर रात्रीच्या पेशंटबद्दल अर्धा तास बडबडतो. आम्ही त्याला टवाळकी समजत आलो. तो त्यांचा दवाखाना होता.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजणारी २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तीत शरीर, मन, नातीगोती आणि भोवताल असे चार भाग आहेत. मित्रांकडून मिळणाऱ्या आधाराबद्दल तीत एक प्रश्न आहे. सव्विसांतला एक. या मुलांच्या बाबतीत उरलेल्या पंचविसांचं उत्तर त्या एकावर ठरत होतं, असं माझं मत आहे. शास्त्रीय भाषेत मला ते सिद्ध करता येणार नाही.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती विषाणूने केलेली नाही. ३ मे २०२० रोजी हवाई दलाने देशभरातल्या रुग्णालयांवर फुलं उधळली. बरोबर एक वर्षाने, ३ मे २०२१ रोजी, पंतप्रधान कार्यालयाने जाहीर केलं की पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी परीक्षा किमान चार महिने पुढे जाईल, इंटर्नना वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविड कामाला लावता येईल, आणि कोविड ड्युटीचे १०० दिवस पूर्ण करणाऱ्यांना सन्मान व सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. तीच परीक्षा मुळात १८ एप्रिलला होती आणि अवघे तीन दिवस आधी लांबणीवर पडली होती. अखेर ती ११ सप्टेंबरला झाली. मग आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, डिसेंबरात निवासी डॉक्टर संपावर गेले, ७ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, तेव्हा कुठे प्रवेश सुरू झाले. तोवर वॉर्डात पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टरच नव्हते. तीन बॅचचं काम दोन बॅचच्या मुलांनी ओढलं, आणि वॉर्डातली हमाली मुख्यतः पहिल्या वर्षाचाच निवासी करतो, हे ज्याने वॉर्ड पाहिला आहे त्याला सांगायला नको. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मला म्हणाली, "सर, आम्ही पुन्हा फर्स्ट इयर झालो."

दमलो असं म्हणायची मात्र सोय नव्हती, कारण त्यांना 'योद्धा' म्हटलं होतं. योद्धा रजा मागत नाही. आपल्याकडे 'सेवा' या शब्दाला तर फार मोठं वजन आहे. १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, त्या गोष्टीपुढे कुणी ड्युटीचे तास कसे मोजावेत? पण सावित्रीबाई आपल्या मर्जीने गेल्या होत्या. त्यांना कुणी ड्युटी लिस्ट लावली नव्हती. आज्ञेने करून घेतलेल्या कामाला सेवा म्हणायचं आणि वर आभार मानायचे, यात एक लबाडी आहे. गंमत पाहा, त्याच प्लेगच्या वर्षी इंग्रजांनी केलेला साथरोग कायदा मार्च २०२०मध्ये आपण फडताळातून काढून लागू केला. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी, आठवड्याचे तास ४८ असावेत, हा केंद्र सरकारचा १९९२चा आदेश मात्र त्याच फडताळात राहिला.

साथ सरली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४मध्ये अहवाल दिला. ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवीपूर्व आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली होती. पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं. ज्यांना त्रास आहे तेच असे फॉर्म मन लावून भरतात, म्हणून आकडा फुगला असेल, असं कुणी म्हणेल. चालेल, निम्मा करा. निम्मा करूनही तो आमच्या कुठल्याही वर्गात मावत नाही. दलाने निवासी डॉक्टरांना आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास सुचवले. बत्तीस वर्षांत आपण ४८वरून ७४वर आलो, आणि याला सुधारणा म्हणायची वेळ आहे, कारण प्रत्यक्षात तास त्याहूनही जास्त असतात.

मग मुलं मदत का घेत नाहीत? कलंक, लाज, हे आहेच. पण त्याहून साधं एक कारण आहे आणि आम्ही शिक्षक ते ओळखून आहोत. वैद्यकीय विद्यार्थ्याचा सर्वांत जवळचा मानसोपचारतज्ज्ञ त्याच्याच कॉलेजात असतो. केस पेपर काढायला रांगेत उभं राहायचं ते आपल्याच रुग्णालयात. आत बसलेला निवासी डॉक्टर आपलाच दोन वर्षं सिनिअर, परवाच्या गॅदरिंगला बरोबर नाचलेला. विभागप्रमुख उद्या परीक्षेच्या टेबलापलीकडे बसणार. विद्यार्थी ओपीडीत दिसला की संध्याकाळपर्यंत मेसमध्ये बातमी पोचते. अशा ठिकाणी मीही गेलो नसतो. त्यांना उपचार हवेत ते कॉलेजबाहेर, नाव न सांगता, संध्याकाळनंतर. शहरातल्या खासगी मानसोपचारतज्ज्ञांशी कॉलेजने करार करावा आणि बिल थेट भरावं. यात खर्च फार नाही, इच्छा लागते. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास चालू आहे. तो वर्गावर्गात लावायला तर पैसाही लागत नाही.

आमच्या कॉलेजात साथीनंतर समुपदेशन कक्ष झाला. चांगला रंग दिला आहे, कुंड्या आहेत, दोन खुर्च्या आणि पंखा आहे. तो प्रशासकीय इमारतीत, अधिष्ठातांच्या दालनाला लागून आहे, आणि त्याचं दार विद्यार्थी विभागाच्या खिडकीसमोर उघडतं. वेळ सकाळी दहा ते पाच, म्हणजे सगळी मुलं वॉर्डात आणि वर्गात असतात ती. पाचनंतर किल्ली शिपायाकडे असते.